मंजूर पाय

चित्रकलेच्या शिक्षकाला चित्र काढता येतं, यावर लोकांचा विश्वास नसतो. पोहायला शिकवणाऱ्याला पोहता येत असणार, गाणं शिकवणाऱ्याला गाता येत असणार, असं जग धरून चालतं. ड्रॉइंगच्या सरांना मात्र पेन्सिलीला टोक करता येतं, एवढंच मानतं. आमच्या सरांच्या शाळेत तर त्यांच्याकडे कपाटांवर नंबर घालायचं आणि मुतारीच्या भिंतीवर 'स्वच्छता राखा' लिहायचं काम येई. तेही लिहून झालं की मुख्याध्यापक चार पावलं मागे जाऊन म्हणत, "'च्छ' जरा बारीक आलाय."

म्हणून पाणीपुरवठा कार्यालयाच्या नव्या इमारतीतली तीन मजले उंच भिंत सरांना मिळाली, तेव्हा ते काही दिवस घरातही इस्त्रीचा शर्ट घालून वावरले. भिंत कशी मिळाली ते सांगत बसलो तर ती तशीच कोरी राहील. मिळाली, एवढं खरं. भव्य आणि आधुनिक भित्तिचित्र काढावे, असा हुकूम होता. सर 'भव्य' या शब्दापाशी थांबून समाधान पावत. त्यांच्या बायकोचं लक्ष 'आधुनिक'वर होतं.

"आधुनिक म्हणजे कानाच्या जागी नाक काढणार का?" तिने विचारलं. "काढा बापडे. पण मग ओळखीच्या कोणाचं काढू नका."

सरांच्या डोक्यात चित्र पक्कं होतं. खांद्यावर घागर घेतलेला एक प्रचंड माणूस, एक पाऊल पुढे टाकलेला. डोकं तिसऱ्या मजल्यावर, हिशेब शाखेच्या खिडकीशी. पाय तळमजल्यावर, बिलं भरायच्या खिडकीजवळ. सरांनी त्याचं छोटं रंगीत चित्र करून नेलं. समितीने ते उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं, आणि मोठे साहेब म्हणाले, "डोकं कोण बघणार? हिशेब शाखा आणि कबुतरं. जनता पायाशी रांग लावून उभी राहणार. तेव्हा पाय आधी पूर्ण आकारात काढून दाखवा. पायांचा नमुना मंजूर झाला की मगच भिंतीला हात लावायचा."

यात वाईट काही नव्हतं. मोठ्या भिंतीची कच्ची चित्रं आधी पूर्ण आकारात करून पाहायची रीतच आहे. फक्त एकेक पाय सरांच्या हॉलएवढा होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं सांगणाऱ्यांनी अंथरूण चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचं असेल तर काय करावं, हे सांगून ठेवलेलं नाही. सोफा आतल्या खोलीत गेला. कपाट पॅसेजमध्ये गेलं आणि ते उघडायचं तर स्वयंपाकघरात उभं राहून हात लांब करावा लागे. सुताराने मोठी लाकडी चौकट आणली ती सुट्ट्या पट्ट्यांची. "इथेच जोडू का?" त्याने विचारलं. "मग काय रस्त्यावर जोडणार?" सर म्हणाले. सुताराने दाराकडे एकदा पाहिलं, सरांकडे एकदा पाहिलं आणि चौकट जोडून कॅनव्हास ताणून दिला.

आता प्रश्न पायाचा. सरांचे स्वतःचे पाय सपाट होते, आणि स्वतःच्याच पायाकडे बघत उभं चित्र काढायचं म्हणजे मान एकीकडे आणि हात भलतीकडे. बायकोने साफ सांगितलं, "माझे पाय कचेरीत लावायचे नाहीत. तिथे आपल्या पाण्याची तक्रार घेऊन मला जावं लागतं." मुलगी कॉलेजात होती. तिचा पाय सुरेख, पण तो कधी जागेवर नसे.

उरले मामा. मामा म्हणजे सरांच्या बायकोचे थोरले भाऊ. मुलीचे मामा म्हणून सरही त्यांना मामाच म्हणत. दाढ काढायला म्हणून दोन दिवसांसाठी आले होते. दाढ केव्हाच निघाली होती. मामा निघाले नव्हते. तिसऱ्या दिवसानंतर पाहुण्याची अक्कल काढायची सोय आपल्या म्हणीत आहे, पण म्हण तोंडावर म्हणता येत नाही, ही तिच्यातली मोठी उणीव. सर बरेच दिवस एक सभ्य वाक्य जुळवत होते. 'तिकडे घर बंद असेल ना?' इथपर्यंत त्यांनी मजल मारली होती. ते वाक्य घेऊन ते हॉलमध्ये आले, तर मामा खुर्चीत बसून उजवा पाय स्टुलावर ठेवून पेपर वाचत होते. खिडकीतून पायावर ऊन पडलं होतं.

पाय कसला, खांब होता. रुंद पंजा, ठसठशीत घोटा, अंगठा असा की त्याला कोणी उठ म्हणू धजणार नाही.

"तिकडे घर..." सर म्हणाले.

"काय?"

"घर बंदच राहू दे. इथेच राहा थोडे दिवस."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण इतक्या तंतोतंत कोणाच्या वाट्याला आली नसेल. मामांनी अटी घातल्या नाहीत, पण त्या आपोआप तयार झाल्या. पायाला मुंग्या येतात म्हणून दर थोड्या वेळाने चहा. पाय स्थिर राहायचा तर पाठीला उशी. पाठीला उशी म्हटल्यावर डोळा लागणारच. मामा झोपले तरी पाय जागा राही. सरांनी कबूल केलं की इतका शिस्तीचा पाय त्यांनी पाहिला नव्हता.

हॉलमध्ये पाऊल उगवलंय ही बातमी इमारतभर पसरली. शेजाऱ्यांना कला कळत नाही, पण पाय प्रत्येकाला असतो, त्यामुळे अधिकार सगळ्यांनाच होता. वरच्या मजल्यावरच्या काकू चौकटीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सर, टाच फुटलेली नाही. इतकं पाणी वाहणाऱ्याची टाच फुटणार नाही होय? माझी बघा." त्यांनी दाखवलीही. सरांना मुद्दा पटला. त्यांनी टाचेला भेगा काढल्या. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी टर्पेंटाइनच्या वासाची तक्रार घेऊन आले आणि भेगा पाहून गंभीर झाले.

"सरकारी इमारत ना? नव्या भिंतीवर भेगा दाखवणार? उद्या कंत्राटदारावर बालंट येईल."

सरांनी भेगा बुजवल्या. काकूंनी ते पाहिलं आणि आठवडाभर जिन्यात ओळख दाखवली नाही.

पहिला पाय पुरा झाला आणि कार्यालयात न्यायची वेळ आली, तेव्हा सुताराने दाराकडे का पाहिलं होतं ते सर्वांना एकदम कळलं. पाऊल कुठल्याही बाजूने दारातून जाईना. शेवटी हमालांनी ते दोर बांधून बाल्कनीतून खाली सोडलं. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा दुपारची झोप काढून नुकते उठले होते. खिडकीबाहेर वरून एक पाऊल हळूहळू उतरताना त्यांनी पाहिलं, परत आडवे झाले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. खाली सेक्रेटरी उभे होते.

"बाल्कनीतून कपडे वाळत घालायला मनाई आहे," ते म्हणाले. "पाय सोडण्याबद्दल बघावं लागेल."

पहिला पाय कार्यालयाच्या कोठारात कुलूपबंद झाला. सुतार पुन्हा आला आणि हॉलमध्ये दुसरी चौकट उभी राहिली. आता मामांनी खुर्ची पलीकडच्या भिंतीशी नेली, तिकडे वारा येतो म्हणून, आणि पाय उलट्या दिशेने स्टुलावर ठेवला. "पाय द्या," सर म्हणत, आणि मामा पाय देत. दोघांनाही आता सवय झाली होती. सरांनी नखांवरचा उजेड, घोट्यामागची शीर, बोटांच्या मधली सावली असं काही जमवलं की बायकोही जेवायला बोलवायला आली आणि न बोलवता क्षणभर उभी राहिली. तेवढ्या एका क्षणावर सर पुढे कितीतरी दिवस खूश होते.

दुसरा पायही बाल्कनीतून उतरला. आजोबांनी या वेळी पडदा ओढून घेतला.

समितीची सभा भरली. दोन्ही पाय एका खोलीत मावेनात, म्हणून एक सभागृहात आणि एक बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला टेकवला. समितीने आधी आतला पाय पाहिला, मग उठून बाहेरचा पाहिला, मग चहा घेतला. मोठे साहेब म्हणाले, "छान. बघितलं की पाण्याचा दाब आठवतो." ही स्तुती असावी असं धरून सरांनी मान लववली. हेडक्लार्कने पेटीतून गोल शिक्का काढला, दोन्ही चित्रांच्या टाचेवर एकेक उमटवला आणि खाली लिहिलं, 'नमुना मंजूर. काम तंतोतंत याप्रमाणे करणे.'

मग परांची बांधली गेली आणि सर भिंतीला भिडले. वरून खाली काम येत होतं. घागर झाली, खांदा झाला, हिशेब शाखेने खिडकीतून डोक्यावरचे केस वाढवायची सूचना केली, ती सरांनी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हात पूर्ण लांब करून रेघ ओढायला मिळत होती. घरी ते दमून येत आणि विनाकारण हसत. शेवटी मंजूर नमुन्यांवर चौकटी आखून त्यांनी दोन्ही पाय कोळशाने भिंतीवर उतरवले, आणि त्याच दुपारी बायको जेवणाचा डबा घेऊन आली.

ती बिलाच्या रांगेच्या जागी उभी राहिली. वर पाहिलं, खाली पाहिलं.

"अहो, याचा दुसरा पाय कुठंय?"

"हा काय."

"हा पहिलाच आहे. पुन्हा."

सर परांचीवरून उतरले, तिच्याशेजारी उभे राहिले. दोन पावलं, दोन्ही देखणी, आणि दोन्हींचा अंगठा एकाच बाजूला. तीन मजली माणूस दोन उजव्या पायांवर उभा होता. पुढचं पाऊल टाकायचं त्याने मनात आणलं असतं तर तो थेट बिलाच्या खिडकीवर पडला असता.

सरांनी डबा उघडला नाही. आजवर अंगठा उलट्या बाजूला काढणाऱ्या कितीतरी पोरांना त्यांनी वर्गात उभं केलं होतं. 'निरीक्षण! निरीक्षण! स्वतःचा हात बघ, गाढवा!' ती सगळी पोरं आता मोठी होऊन पाण्याचं बिल भरायला येणार होती.

ते तडक हेडक्लार्ककडे गेले.

"एक पाय बदलायचाय."

"मंजूर पाय?" हेडक्लार्कने चष्मा वर केला. "मग नमुना पुन्हा समितीपुढे ठेवावा लागेल. समितीचे दोघे बदलून गेलेत. नवी समिती नेमायची तर वर विचारावं लागेल. आणि तेवढ्यात उद्घाटनाची तारीख आली, भिंत अपुरी दिसली, तर साहेब तिथे टाइल्स लावणार. पांढऱ्या. त्यांचं मूळचं मत तेच होतं."

"अहो पण दोन्ही उजवे आहेत!"

हेडक्लार्कने हुकूम काढून वाचला. "यात 'दोन पाय' म्हटलंय. कुठले ते म्हटलेलं नाही. हरकत नाही."

एकुलती एक भिंत. तिच्यावर दोन उजवे पाय नाहीतर पांढऱ्या टाइल्स. सर घरी आले ते मामांच्या खुर्चीसमोर जाऊन उभेच राहिले. राग स्वतःवरचा होता, पण तो ठेवायला जागा मामांच्या डोक्यावर होती.

"मामा, मी दुसऱ्या खेपेला कुठला पाय मागितला होता?"

"तुम्ही पाय मागितलात. मी दिला."

"उजवाच दिलात! परत! इतका चहा प्यायलात आणि डावा पाय बाहेर काढवला नाही तुम्हाला?"

"अहो, हळू," बायको म्हणाली. मुलगी आतून आली. "बाबा, त्यात काय, उजवा आरशात बघून काढला की डावा होतो."

मामा वाकले आणि डाव्या पायातला मोजा काढायला लागले. तो पायमोजा इतके दिवस घरात सगळ्यांनी पाहिला होता आणि कोणी काही म्हटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजते, अशी सगळ्यांनी आपापली समजूत घालून घेतली होती. मोजा निघाला. पावलाला चार बोटं होती. करंगळीच्या जागी एक वण होता, जुना, गुळगुळीत.

"सायकलच्या चेनमध्ये गेलं," मामा म्हणाले. "शाळेत असताना. हिला आठवणारही नाही, ही रांगत होती."

"दादा, मला तर तू कधी..." बायको म्हणाली.

"कशाला दाखवायचं? लग्नात मोजे, नदीवर मोजे. सगळे हसायचे, म्हणायचे साहेब आले." मामा सरांकडे वळले. "सर, तुमची एवढी भिंत. आयुष्यात पहिल्यांदा तुमचं काही मोठं होतंय. तिच्यावर असला पाय कसा देऊ? म्हटलं चांगलाच देऊ दोन्हीकडे. उजवा-डावा इतका फरक पडेल असं वाटलं नाही. मला काय चित्रातलं कळतं?"

सरांना फार लाज वाटली. पाहुणा कधी जाणार याची वाक्यं ते जुळवत बसले होते, आणि या माणसाने आपल्याकडे होता तेवढा चांगला पाय दोनदा दिला होता. ते खाली बसले. बसल्यावर पाऊल डोळ्यांच्या रेषेत आलं आणि, शेवटी चित्रकारच ते, बघायला लागले. करंगळी नव्हती म्हणून उरलेली चार बोटं जरा फाकून जमीन धरून होती. सगळा भार अंगठ्यामागच्या गादीवर आला होता. उजव्या पायाला बघितलं की तो उभा आहे असं वाटे. हा पाय चालून आलेला होता.

"मामा," सर म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर भिंतीपाशी या. मोजा घरी ठेवून."

"आरशात बघून काढा ना. पोरगी म्हणतेय ते सोपं आहे."

"सोपं आहे," सर म्हणाले. "या तुम्ही."

मामा आले, पण बूट-मोजे घालून. सरांनी तळमजल्यावर परांचीभोवती पोत्यांचा आडोसा केला. आत मामा स्टुलावर पाय ठेवून बसत, बाहेर कोणी खोकलं की पाय ओढून घेत. सरांनी उलटा पाय पुसून काढला आणि डावा काढला. चार बोटांचा, वणासकट. पोत्यांच्या फटीतून सल्ले येत राहिले. ते सरांनी ऐकले नाहीत. सरांच्या तोंडून इतके 'नाही' कोणी ऐकले नव्हते, त्यामुळे लोकांना वाटलं, सरांची तब्येत बरी नाही.

तपासणीला मोठे साहेब आले. बायको, मुलगी आणि मामाही बघायला आले होते. पोती काढली गेली. दोघा शिपायांनी मंजूर पाय आणून भिंतीशेजारी धरले, आणि हेडक्लार्क एकदा नमुन्याकडे, एकदा भिंतीकडे बघत बोटं मोजू लागला. बिलाच्या रांगेतले लोकही मोजू लागले.

"साहेब, एक बोट कमी आहे," हेडक्लार्क म्हणाला. "शिवाय पाऊल उलटं आहे."

"पाऊल सुलटं आहे," सर म्हणाले. "नमुना उलटा होता. माझी चूक."

"बोट घाला मग," साहेब म्हणाले. "बोटाला कितीसा वेळ लागतो?"

"नाही घालणार."

टाइल्स सरांना डोळ्यांसमोर दिसत होत्या, पांढऱ्या, एकावर एक. "ज्याचा पाय आहे, त्याला जेवढी बोटं आहेत तेवढी आहेत. पटत नसेल तर सगळं पुसा. मी शाळेत जाऊन कपाटांवर नंबर घालतो."

"कुणाचा पाय?" साहेबांनी विचारलं. "दाखवा तरी."

सर ब्रश पुसत राहिले. ते सांगायचा हक्क आपला नाही, हे त्यांना कळत होतं. बायकोने मुलीचा हात धरला होता. तेवढ्यात बाकावर बसलेल्या मामांनी वाकून बुटाची नाडी सोडली. मग मोजा काढला. हे करताना त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. शिपायाच्या स्टुलावर त्यांनी पाय ठेवला आणि म्हणाले, "माझा."

मोठे साहेब वाकले. भिंतीकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, परत भिंतीकडे. रांगेतली एक बाई म्हणाली, "अगदी हुबेहूब आहे हो," आणि मागच्याला दिसावं म्हणून बाजूला सरली.

"तंतोतंत आहे," साहेब म्हणाले.

"पण साहेब, मंजूर नमुन्याप्रमाणे नाही," हेडक्लार्क म्हणाला. त्याचंही खरं होतं.

"मग हा नमुना मंजूर करू. मूळ आहे. सादर झालाय."

"कातडीवर शिक्का मारायचा नियम नाही, साहेब."

"मारू नये असा आहे?"

हेडक्लार्कने बराच विचार केला. मग पेटी उघडली, शिक्क्यावर फुंकर घातली, आणि मामांच्या डाव्या टाचेवर, वणापासून अंतर राखून, गोल शिक्का नीट उमटवला. सही करायला तो खाली बसला, पण मामांना गुदगुल्या झाल्या म्हणून सही राहिली.

सगळी रांग हसली. मामाही हसले, आणि हसताहसता त्यांचे डोळे भरले. सरांनी त्यांचा मोजा उचलून दिला.

"नको," मामा म्हणाले. "शाई ओली आहे. पुसली जाईल."

घरापर्यंतचा रस्ता लांब होता. मामा भर बाजारातून एका पायात बूट आणि एक पाय उघडा असे निघाले. कोणी बघितलं की थांबून सांगत, "शाई वाळायचीय." खरं तर ती पहिल्या चौकातच वाळली होती. सर त्यांच्या मागून चालत होते, हातात मामांचा डावा बूट घेऊन.